आमच्या पाखाडीचे सेक्टर

"घेतलंत?" असं विचारून उत्तर मिळेपर्यंत ते हातातली वस्तू सोडत नसत.

फणसाच्या भाजीची वाटी असो, वर्तमानपत्र असो, नाहीतर आमच्या फाटकाची किल्ली असो. समोरच्याने वस्तू धरली तरी त्यांची दोन बोटं तिच्यावर असायचीच. "घेतलं" हा शब्द कानावर पडला की बोटं सुटायची. माझ्यावर पहिल्यांदा हा प्रसंग आला तेव्हा गरम सांज्याची ताटली आम्ही दोघं दोन बाजूंनी धरून उभे होतो आणि माझा अंगठा भाजत होता.

"अहो, धरलीय की मी. दिसत नाही का?"

"दिसतंय. पण ऐकू यायला हवं, बाई."

"घेतलं," मी म्हटलं, आणि ताटली माझी झाली.

मुलांनो, तुम्ही त्यांना विमानआजोबा म्हणायचात. तुम्ही विमान चालवायचात का, असं तुम्ही विचारलंत तेव्हा ते म्हणाले होते, "नाही रे. मी विमानांना एकमेकांपासून लांब ठेवायचो." तुमच्या लक्षात तेवढंच राहिलं असेल. परवा आपण फोनवर बोलत असताना मी मध्येच मोठ्याने "घेतलं" म्हणाले आणि तुम्ही दोघंही हसलात. काय घेतलंस आजी, असं विचारलंत. तुमची शाळेची वेळ झाली होती, म्हणून तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगते.

त्यांची नोकरी मुंबईत झाली, खिडकी नसलेल्या एका खोलीत. निवृत्त होऊन ते आणि सुमनवहिनी रत्नागिरीला आले आणि आमच्या वरच्या अंगाचं घर त्यांनी घेतलं. तुम्हाला आपली पाखाडी आठवत असेल: रस्त्यापासून खाडीपर्यंत उतरत गेलेली जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची वाट. सगळ्यात वर त्यांचं घर, मग आपलं, मग अण्णांचं, मग नानांचं, आणि अगदी खाली पाण्यापाशी मुमताजभाभींचं. गावात त्यांना कुणी टॉवरवाले म्हटलं की त्यांना राग यायचा. "टॉवर वेगळा. टॉवरवाल्याला धावपट्टी दिसते. मला काही दिसायचं नाही. पडद्यावर ठिपके आणि कानात आवाज, एवढंच."

त्या खोलीत काय चालतं ते मला कळलं तुमच्यामुळे. तुम्ही परत निघालात त्या दिवशी मी फोनवर तुमच्या विमानाचा नकाशा लावून बसले होते. अरबी समुद्रावर गेल्यावर ते चिमुकलं विमान एका जागी थांबलं आणि मग दिसेनासं झालं. मी फोन घेऊन तडक वर गेले. ते ओटीवर सुपात कुळीथ निवडत बसले होते. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि हातातला फोनही. केरसुणीचे चार हीर उपसले आणि सुपातल्या कुळथांवर आडवेतिडवे ठेवले.

"हे आकाश. ह्याला मुळात हद्दी नाहीत. हे हीर आम्ही ठेवलेले. दोन हिरांमधल्या तुकड्याला सेक्टर म्हणायचं. एका सेक्टरमधली सगळी विमानं एकाच्या ताब्यात."

"आणि सेक्टर केवढा असतो?"

"मैलांवर नसतं ते. एका माणसाच्या डोक्यात एका वेळी जेवढी विमानं मावतात, तेवढा. गर्दी वाढली की तुकडे वाढवायचे, ओसरली की दोन तुकडे जोडून एक करायचा. खालून जाणाऱ्यांचा वेगळा, उंचावरून जाणाऱ्यांचा वेगळा, इमारतीच्या मजल्यांसारखं." मग त्यांनी एक कुळीथ बोटाने हिराजवळ सरकवला. "हे विमान रेषेला टेकायच्या आधी मी शेजारच्याला विचारायचं. तो घेतलं म्हणेपर्यंत सोडायचं नाही. विमान एक क्षणही बेवारशी नसतं, बाई. पडद्यावर दिसत नाहीत म्हणजे पोरं कुणाचीच नाहीत, असं नाही. समुद्रावर रडार पोचत नाही. सेक्टर पोचतो."

मी घरी आले आणि जेवले.

ही विद्या त्यांनी जमिनीवरही चालवून बघितली होती. आपल्याकडच्या सत्यनारायणाला त्यांनी वाढपाचे सेक्टर केले. ह्या पंगतीला हे दोघे, त्या पंगतीला ते दोघे, कुणी दुसऱ्याच्या पंगतीत शिरायचं नाही. इतकं शिस्तीत वाढप मी आयुष्यात बघितलं नव्हतं. भात आला, वरण आलं, तूप आलं. मीठ काही आलं नाही. एरवी जो मोकळा असेल तो मीठ-लिंबू फिरवतो, आणि त्या दिवशी कुणी मोकळाच नव्हता.

अण्णा पंगतीतून ओरडले, "अहो विमानवाले, मीठ कुठल्या विमानतळावर अडकलंय?"

सगळे हसले. ते मात्र हातात वरणाचा डाव धरून विचारात उभे. "मीठ कुणाच्याच सेक्टरमध्ये नव्हतं," ते म्हणाले. एखाद्या चौकशी समितीपुढे बोलावं तसं.

आता सुमनवहिनींचं सांगायला हवं. त्या केळशीच्या. तिथे लहानपणी रोज चार वाजता खाडीवर होड्या बघायला जायच्या. म्हातारपणी त्यांचं विसरणं सुरू झालं तेव्हा आधी आम्हा शेजाऱ्यांची नावं गेली, मग मुलीचं गेलं, आणि मग नवऱ्याला त्या मास्तर म्हणू लागल्या. शाळेतल्या कुणा मास्तरांचा चेहरा त्यांना त्यांच्यात दिसत असावा. पण चार वाजले की पायात चपला घालून पाखाडी उतरून खाडीवर जायचं, हे मात्र गेलं नाही. जायच्या, भाभींच्या कठड्यावर बसून होड्या बघायच्या आणि परत वर यायच्या.

बरोबर कुणी आलेलं त्यांना चालत नसे. मागून कुणी आलं तर त्या घाबरत. एकदा तेच मागे मागे गेले, तर वहिनींनी वळून बघितलं आणि "कोण तो माणूस, माझ्या मागे का येतो," म्हणत त्या पायऱ्यांवरून धावत सुटल्या. पडायच्याच. तेव्हापासून ते आपल्या फाटकाशी थांबायचे, पाखाडी वळते तिथवर नजर लावून. पुढचं दिसायचं नाही.

पुण्याहून मुलीचा फोन आला. तिचंही चुकत नव्हतं. "बाबा, दाराला बाहेरून कडी लावा. नाहीतर मी आईला इकडे आणते. इथे एक चांगली संस्था आहे, लक्ष ठेवतात."

त्यांनी कडी बसवून घेतली आणि एक दिवस लावून बघितली. वहिनी चपला घालून खिडकीचे गज धरून दिवेलागणीपर्यंत उभ्या होत्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.

"रेशनच्या रांगेत उभी असावी तशी उभी होती," दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले. "आपला नंबर येईल म्हणून. कडी लावली की अपघात होत नाही, हे खरं. विमान उडवलंच नाही तर ते आदळत नाही. पण मग माझ्या नोकरीची गरजच काय होती?"

त्याच दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना आपल्या ओटीवर बोलावलं. अण्णा आणि नाना दोन टोकांना बसले. हे दोघे सख्खे चुलतभाऊ, पण त्यांच्या आवारांमधल्या दगडी गडग्यावरून त्यांची केस चालू होती आणि बोलणं बंद होतं. गडग्याचा एक तुकडा पावसात ढासळला होता. तो कुणी रचायचा ह्यावर वाद, म्हणून कोर्टाने सांगितलं होतं की आहे तसं राहू द्या. दोघांनी ते इतकं पाळलं होतं की त्या खिंडाराकडे दोघांपैकी कुणी बघतसुद्धा नसे. तिथे करवंदीची जाळी माजली होती.

विमानआजोबांनी मांडणी केली. "मागे कुणी जायचं नाही. आपापल्या घरात, आपापलं काम करत बघायचं. तुमच्या हद्दीत आहे तोवर ती तुमची. खालच्याने घेतलं म्हटलं की तुम्ही मोकळे. येताना उलट."

"माझी हद्द गडग्यापर्यंत," अण्णा म्हणाले.

नाना आढ्याकडे बघत म्हणाले, "गडगा नेमका कुठे आहे, ते आधी ठरलंय का विचारा."

"बाई, ह्यांना सांगा, गडगा आमच्या आजोबांनी घातलाय."

"आजोबा आमचेही होते म्हणावं."

"आधी वैनींचं बघा," भाभी म्हणाल्या. "आजोबा कुठे जात नाहीत." भाभींचा मुलगा आखातात आहे, वर्षाकाठी विमानाने येतो. त्यांनी आपला सेक्टर कुणी मागायच्या आधी घेऊन टाकला होता.

खरी अडचण होती अण्णांनी नानांना सांगायचं कसं, ही. अण्णा म्हणाले, "ह्याच्याशी बोललो तर केस कमजोर होईल असं वकिलांनी सांगितलंय." नाना मला म्हणाले, "वकिलांनी नाही हो, बायकोने." शेवटी ठरलं की अण्णांनी देवघरातली घंटा वाजवायची आणि नानांनी उत्तरादाखल खोकायचं. विमानआजोबांना ते पसंत नव्हतं. "शब्द हवा होता," ते पुटपुटले. पण तेवढ्यावर त्यांनी मान्य केलं.

आणि ते चाललं. चार वाजता वहिनी फाटकातून बाहेर पडल्या की मी लसूण सोलता सोलता म्हणायची, घेतलं. मग खालून अण्णा, घेतलं बाई. मग घंटा. मग खोकला. मग लांबून भाभींचा हेल काढलेला आवाज. वहिनींना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. आपल्या वाटेवरची माणसं बोलकी आहेत, एवढंच त्यांना वाटत असणार.

मे महिन्यात एक दिवस असंच सगळं झालं. मी घेतलं, अण्णांनी घेतलं, घंटा झाली, खोकला झाला. मी निर्धास्त आत गेले. बऱ्याच वेळाने भाभी धापा टाकत पाखाडी चढून आल्या. "बाई, आज वैनी निघाल्याच नाहीत का?"

झालं होतं असं, की अण्णांकडे मुंबईचे पाहुणे आले होते. त्यांनी देवाला नमस्कार केला आणि घंटा वाजवली. आणि नानांना खरोखरीचा खोकला झाला होता. अण्णांना वाटलं नानांनी घेतलं, आणि नानांनी तिकडे बघितलंच नव्हतं.

खाडीला भरती लागली होती. अण्णा स्टँडच्या दिशेने गेले, नाना होड्यांच्या बाजूला, पाहुणे रस्त्यावर. सगळे परत आले, वहिनींशिवाय. विमानआजोबा धावले नाहीत. पाखाडीच्या मधोमध उभे होते. चेहरा असा, की मला त्यांच्याकडे बघवेना.

"शेवटचा शब्द कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा," अण्णा म्हणाले. "त्यानंतर घंटा."

"घंटा म्हणजे शब्द नव्हे." त्यांनी वरपासून खालपर्यंत पाखाडीवर नजर फिरवली. मग म्हणाले, "मीठ."

"काय?"

"मीठ, अण्णा. कुणाच्याच सेक्टरमध्ये नव्हतं. ह्या पाखाडीत कुणीच पाय ठेवत नाही, अशी जागा कुठली?"

अण्णांनी नानांकडे बघितलं. नानांनी अण्णांकडे. आणि मग दोघांनी एकदमच गडग्यातल्या त्या खिंडाराकडे. बघितलं, पण पुढे पाऊल कुणाचं पडेना, इतक्या वर्षांची सवय. भाभींवर कोर्टाचं काही बंधन नव्हतं. ओढणी सावरून त्या काट्यांत शिरल्या.

"हिकडे बसल्यात वैनी," त्यांचा आवाज आला. "करवंदं खातायत."

ढासळलेल्या दगडांवर वहिनी आरामात बसल्या होत्या. ओठ जांभळे, ओच्यात करवंदं. त्यांना बघून म्हणाल्या, "मास्तर, घ्या."

त्यांनी हात पुढे केला. "घेतलं," ते म्हणाले. "घेतलं, घेतलं." आणि तिथेच एका दगडावर बसले. भाभी इतका वेळ खंबीर होत्या, त्या आता रडायला लागल्या. कुणीतरी पाण्याची कळशी आणली आणि तहान नसलेलेसुद्धा पाणी प्यायले.

त्यांनी मुलीपासून काही लपवलं नाही. ती फोनवर फार बोलली नाही. "शनिवारी येते, बाबा. आईला घेऊन जाते."

संध्याकाळी ते माझ्या ओटीवर येऊन बसले. मला वाटलं अण्णा-नानांना बोल लावतील. पण ते म्हणाले, "चूक माझी आहे, बाई. मी रेषा गडग्यावर मारली. विमानं जिथे वळतात, जिथे एकमेकांची वाट कापतात, तिथे रेषा मारायची नसते. वळण कुणातरी एकाच्या पोटात यायला हवं. नव्या मुलांना मीच शिकवायचो हे. आणि इथे जमीन बघून वाटणी करून बसलो. तिची चाल बघून करायला हवी होती." मग म्हणाले, "शेवटी रक्त कोकणातलं. गडगा दिसला की हद्द वाटते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचा लाकडी बाक उचलून आणवला आणि त्या खिंडारासमोर, पाखाडीच्या कडेला ठेवला. अण्णा-नानांना बोलावलं.

"आमच्याकडे एका सेक्टरवर दोन माणसं बसतात. एक बोलतो, दुसरा शेजारच्या सेक्टरांचं बघतो. आजपासून तुमचे दोन सेक्टर जोडून एक. खिंडार त्याच्या मधोमध. घंटा बंद, खोकला बंद."

"शेजारी बसायचं?" अण्णा म्हणाले.

"बाकाचा कुठला अर्धा कुणाचा?" नाना म्हणाले.

"मध्ये मी पाण्याचा तांब्या ठेवतो," ते म्हणाले, आणि खरोखरच ठेवला.

पहिल्या दिवशी एकाचं तोंड वर रस्त्याकडे, दुसऱ्याचं खाली खाडीकडे. त्याने काही बिघडलं नाही, उलट दोन्ही दिशा बघितल्या गेल्या. मग एका दुपारी वहिनी पुढून गेल्यावर नाना हवेत बघून म्हणाले, "डाव्या पायातली चप्पल सैल झालीय वहिनींची." अण्णा हवेतच म्हणाले, "बघितलं मी." केस लागल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं बोलणं. संध्याकाळी अण्णांनी चप्पल मागवून घेतली आणि नानांनी तिला टाका घातला.

शनिवारी मुलगी आली. आईची बॅग तिने आल्या आल्या भरून ठेवली. चार वाजता ती माझ्या ओटीवर बसली होती. वहिनी फाटकातून आल्या, तिच्याकडे बघून थांबल्या, "कोण गं तू? चांगली आहेस," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या. मुलगी उठली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "घेतलं."

पाखाडीच्या वळणाआड वहिनी दिसेनाशा झाल्या. आम्ही दोघी कान देऊन बसलो. मग खालून दोन म्हातारे आवाज आले, एक जरा मागून, "घेतलं." आणि बऱ्याच वेळाने अगदी खालून भाभींचा. त्यानंतर नुसती शांतता. मुलगी ओटीच्या खांबाला टेकून उभी होती. मग तेच आवाज उलट्या क्रमाने वर येऊ लागले, आणि शेवटी वहिनी स्वतः आल्या, गालांवर खाडीचा वारा लागलेला, आणि आमच्याकडे न बघता आपल्या घरात गेल्या.

मुलीने वडलांना स्क्रू ड्रायव्हर मागितला. बाहेरची कडी तिने स्वतः काढली. दारात चार भोकं राहिली, ती अजून आहेत. रविवारी ती परत गेली, एकटी.

पुढच्या पावसाळ्यानंतर विमानआजोबांच्या छातीचं दुखणं निघालं आणि ऑपरेशनला कोल्हापूरला जायचं ठरलं. मुलगी लॅपटॉप घेऊन राहायला आली. हल्ली घरून काम करता येतं, हे एक बरं झालं आहे. निघण्याआधीचे काही दिवस ते चार वाजता नुसते तिच्या शेजारी बसून राहायचे, काही न सांगता. मी विचारलं तर म्हणाले, "पाळी बदलताना असंच करतात. नवा माणूस येऊन आधी नुसता शेजारी बसतो. चित्र डोक्यात उतरलं की मग खुर्ची बदलायची."

जायच्या दिवशी रिक्षा वर रस्त्यावर उभी होती. आम्ही सगळे जमलो होतो, भाभी खालून चढून आल्या होत्या. ते फाटकावर हात ठेवून उभे राहिले. कुणा एकाकडे न बघता त्यांनी विचारलं, "घेतलंत?"

घेतलं, आम्ही म्हणालो. मग त्यांनी फाटक सोडलं.

कोल्हापूरहून त्यांचा रोज फोन यायचा. ऑपरेशन नीट झालं, जेवण बेचव आहे, खिडकीतून एक चिंच दिसते. वहिनींबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. दिल्यावर परत विचारायचं नसतं. घरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी झोपेतच ते गेले.

वहिनींना आम्ही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चार वाजता चपला घातल्या. बाक तिथेच आहे, तांब्या आता नसतो. केस चालू आहे आणि तारखेला दोघे भाऊ एकाच रिक्षातून कोर्टात जातात.

परवा तुमचा फोन आला तेव्हा चारच वाजत होते. मी फोन कानाला लावून फाटकाशी उभी होते. वहिनी आल्या, पण नेहमीसारख्या पुढे गेल्या नाहीत. वाटेत बकुळीची फुलं वेचली असावीत, त्यांची मूठ भरलेली होती. ती मूठ त्यांनी माझ्या मोकळ्या तळहातावर ठेवली. मी हात पसरून उभी, पण मूठ काही उघडेना. मला वाटलं द्यायचं विसरल्या. मी हसून मान डोलावली, तरी त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, कशाची तरी वाट बघत.

मग माझ्या लक्षात आलं, आणि तुम्ही ऐकलंत ते मी म्हटलं, जरा मोठ्यानेच.

मूठ उघडली. वहिनी पायऱ्या उतरू लागल्या, आणि त्या वळणाआड गेल्या तोवर खालून त्या दोघांचे आवाज आले होते.